बौद्ध भगिनींनी ग्रंथ कसा पारखावा

(मोडनिंब, तालुका माढा, जिल्हा सोलापूर येथे वर्षावासातील ग्रंथवाचनप्रसंगी नवदीक्षित कुटुंबांपुढे दिलेले व्याख्यान)



आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. तुमच्यापैकी अनेक कुटुंबांचा हा पहिलाच वर्षावास आहे. अशा वेळी बावीस प्रतिज्ञांवर बोलावे, पंचशीलावर बोलावे, हा रिवाज आहे, आणि तो योग्यही आहे. परंतु मी आज निराळा विषय घेतला आहे. ग्रंथ वाचणारी व्यक्ती बौद्ध असेल आणि ती स्त्रीही असेल, तर तिने हाती आलेला ग्रंथ कसा वाचावा व वाचून झाल्यावर त्याविषयी आपले मत कसे सांगावे, असा तो विषय आहे.

धम्म एक आहे, मग स्त्रीची दृष्टी आणि पुरुषाची दृष्टी असे दोन भाग कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यास लांब जावयास नको. ग्रंथवाचनाच्या वेळी आपल्या विहाराकडे एकवार नीट पहा. समोर बसलेल्यांत बायका किती आणि पुरुष किती? आणि ग्रंथ कोणाच्या मांडीवर आहे? ऐकणाऱ्या बहुधा बायका असतात. वाचणारा आणि अर्थ सांगणारा बहुधा पुरुष असतो. भगिनी पांढरे लुगडे नेसून येतात, हात जोडून ऐकतात, शेवटी खीर वाटतात आणि घरी जातात. ज्या विहारात असे घडत नसेल त्या विहाराचे मी अभिनंदन करते. पण जेथे घडते तेथे मला विचारावेसे वाटते, की पोथी ऐकणे आणि ग्रंथ वाचणे यांत आपण फरक केला आहे काय? पोथीपुढे मान तुकवायची असते. ग्रंथाला प्रश्न विचारायचे असतात. आपण पोथी सोडून ग्रंथाकडे आलो आहोत.

ग्रंथाला प्रश्न विचारण्याची ही रीत आपल्या समाजात नवी नाही, आणि ती पुरुषांनी बायकांना शिकविली असेही नाही. सन १८५५ मध्ये पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील मुलीने एक निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय' पत्रात दोन भागांत छापून आला. त्या वेळी ती अवघी चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने त्यात लिहिले आहे. तो निबंध पुढे अनेकांनी करुणेचा नमुना म्हणून छापला. परंतु तुम्ही नीट वाचाल तर तो मुळात ग्रंथपरीक्षणाचा निबंध आहे असे तुम्हांस दिसेल. वेद हे ब्राह्मणांचेच, आम्ही ते पाहावयाचेही नाहीत, असे जर ब्राह्मण म्हणतात, तर आमच्याजवळ धर्मग्रंथच नाही. आणि ग्रंथ नाही तर आमचा धर्म कोणता, असा तिचा प्रश्न आहे. ज्या पुस्तकाचे पान तिला उघडता येत नव्हते त्या पुस्तकाचे परीक्षण तिने ते न उघडताच केले. याच निबंधात ती आणखी एक गोष्ट सांगते. डोक्यावर छप्पर नसलेल्या आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा ऊनपावसात त्यांचे काय हाल होतात, हे स्वतःच्या अनुभवावरून ओळखा, असे ती वाचकांना सांगते. वेदाच्या अधिकाराचा प्रश्न आणि बाळंतिणीच्या छपराचा प्रश्न तिने एकाच लेखात घातले. दुसऱ्या कोणाला ते दोन विषय वाटले असते.

पुढे १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले आणि शास्त्रे, पुराणे, तसेच त्या काळची नाटके-कादंबऱ्या यांत बायकांची चित्रे कशी रंगविली जातात त्याचा खरपूस समाचार घेतला. त्यांची बाजू घेऊन जोतीराव उभे राहिले. तरीही ते पुस्तक विस्मरणात गेले, ते १९७५ साली पुन्हा छापले जाईपर्यंत. स्त्रीने केलेले परीक्षण हरवते फार लवकर, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, हे तुम्हां सर्वांस माहीत आहे. आता अनेक ठिकाणी स्त्रिया हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. पण आपण ज्वाळा तेवढ्या आठवतो. त्या ग्रंथातील वचने आधी सभेपुढे मांडण्यात आली होती. त्यांत काय लिहिले आहे हे लोकांना सांगण्यात आले होते. बाबासाहेबांनी तो ग्रंथ ओळीओळीने वाचलेला होता. न वाचता जाळणे हे त्यांचे काम नव्हे, आणि न वाचता पुजणे हेही नव्हे.

आता मी ज्या गोष्टीवर अधिक वेळ घेणार आहे त्या गोष्टीकडे येते. बाबासाहेबांनी स्वतः आपल्या धम्माच्या ग्रंथांतील स्त्रीविषयक वचनांचे परीक्षण केले आहे. १९५० साली 'ईव्ह्ज वीकली' या इंग्रजी साप्ताहिकात एक लेख आला, त्यात भारतीय स्त्रीच्या अधोगतीस बुद्ध जबाबदार आहे असा आरोप होता. बाबासाहेबांनी त्यास सविस्तर उत्तर लिहिले. हिंदू स्त्रीचा उदय आणि ऱ्हास, व त्यास जबाबदार कोण, असा त्या लेखाचा विषय होता. तो १९५१ मध्ये कलकत्त्याच्या 'महाबोधि' मासिकात प्रसिद्ध झाला. ते वर्ष ध्यानात घ्या. त्याच वर्षी सप्टेंबरात हिंदू कोड बिलाची कोंडी झाल्यामुळे त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. एका हाताने ते स्त्रियांसाठी कायदा लिहीत होते आणि दुसऱ्या हाताने बौद्ध वाङ्मयातील स्त्रियांविषयीची वचने तपासत होते.

आरोपाचा आधार कोणता होता? महापरिनिब्बान सुत्तात आनंद भगवंतांस विचारतो, की स्त्रियांशी आम्ही कसे वागावे. आणि उत्तर मिळते त्याचा आशय असा, की त्यांच्याकडे पाहूच नये, पाहिले तर बोलू नये, बोलावेच लागले तर सावध असावे. हे वचन पिटकात आहे. ते नाही असे बाबासाहेबांनी म्हटले नाही. पिटकात आहे म्हणून ते खरेच असले पाहिजे, असेही त्यांनी म्हटले नाही. त्यांनी विचारले, सुत्ते लेखनिविष्ट झाली केव्हा? भगवंतांच्या परिनिर्वाणानंतर सुमारे चारशे वर्षांनी. तोवर ती कोणाच्या मुखात होती? भिक्षूंच्या. ज्यांना ब्रह्मचर्य सांभाळावयाचे होते, अशांच्या. मग त्यात त्यांच्या सोयीची भर पडली नसेल कशावरून? नंतर त्यांनी त्या वचनाची गाठ भगवंतांच्या प्रत्यक्ष वर्तनाशी घातली. विशाखा भगवंतांकडे येत होती, धम्म विचारत होती. आम्रपालीचे भोजनाचे निमंत्रण भगवंतांनी स्वीकारले, आणि लिच्छवी राजपुत्रांनी विनविले तरी तिला दिलेला शब्द मोडला नाही. आणि खुद्द आनंद? पहिल्या संगीतीत त्याच्यावर जे आरोप ठेवण्यात आले त्यांत स्त्रियांना भगवंतांच्या अंत्यदर्शनास प्रथम सोडल्याचा आरोप होता, स्त्रियांना संघात घ्यावे म्हणून रदबदली केल्याचाही होता. स्त्रियांकडे पाहूही नये असा उपदेश ज्याने गुरुमुखातून ऐकला असेल, तो असे वागेल काय? म्हणून हे वचन मागाहून घातलेले आहे, असा निष्कर्ष बाबासाहेबांनी काढला. ऱ्हासाला जबाबदार कोण, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी मनूकडे बोट दाखवून दिले.

भगिनींनो, ही रीत तुम्ही आत्मसात करा. वचन कोणी सांगितले, कोणी लिहून ठेवले, त्यात लिहून ठेवणाराचा काय लाभ होता, आणि ते वचन त्या माणसाच्या जगण्याशी जुळते काय, एवढे पाहण्यास पदवी लागत नाही. सासूने सांगितलेला निरोप खरा की मधल्या माणसाने त्यात मीठमिरची घातली, हे तुम्ही रोज पारखता. ग्रंथ पारखणे याहून फार वेगळे नाही.

ही रीत हाती घेतली की ती मध्येच ठेवून देता येत नाही. संघात स्त्रियांचा प्रवेश झाला, त्या प्रसंगाची कथा घ्या. महाप्रजापती गौतमीने डोके मुंडून, पायी चालत वैशाली गाठली. तिचे पाय सुजले होते, अंगावर धूळ होती. आनंदाने तिच्यासाठी शब्द टाकला. स्त्री अर्हत्पदास पोहोचू शकते काय, असे त्याने विचारले, आणि भगवंतांनी होय म्हटले. येथपर्यंत कथा उजळ आहे. पुढे विनयपिटक सांगते की आठ गुरुधर्म मान्य करण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांतला पहिला असा, की शंभर वर्षांची उपसंपन्न भिक्खुनी असली तरी तिने आजच उपसंपदा घेतलेल्या भिक्खूस उठून वंदन करावे. आणखी एक नियम असा, की दोन वर्षे शिक्षण घेतलेल्या उमेदवार स्त्रीने भिक्खू व भिक्खुनी या दोन्ही संघांकडून उपसंपदा घ्यावी. आता तुम्हीच सांगा, पहिली भिक्खुनी अजून व्हावयाची आहे, भिक्खुनी संघ अस्तित्वातच नाही, तर दोन्ही संघांचा नियम त्या दिवशी कसा सांगितला गेला? अनेक अभ्यासकांनी याच विसंगतीवर बोट ठेवले आहे. आणि हेही विनयपिटकातच आहे, की पुढे गौतमीने आनंदामार्फत मागणी केली की वंदन ज्येष्ठतेप्रमाणे व्हावे, स्त्रीपुरुष पाहून होऊ नये. ती मागणी मान्य झाली नाही असे ग्रंथ म्हणतो. पण मागणीची नोंद राहिली. अट मान्य करणारी स्त्रीच ती अट काढून टाका म्हणते, हे कोणा भिक्खूने आपल्या सोयीसाठी रचले असेल असे मला वाटत नाही. मला ती नोंद फार खरी वाटते.

बाबासाहेबांच्या ग्रंथातही आठ नियमांचा उल्लेख आहे. मात्र त्यांनी तेथे भगवंतांच्या तोंडी स्पष्ट खुलासा घातला आहे, की नकाराचे कारण स्त्रीपुरुष विषमता हे नव्हते, व्यवहारातील अडचणी होत्या. तो खुलासा तुम्हांस पुरेसा वाटतो काय? ज्या भगिनीला पुरेसा वाटतो तिने तसे सांगावे. जिला वाटत नाही तिनेही सांगावे. दोघी बौद्धच राहतात. हा ग्रंथच आपल्याला तशी मुभा देतो. बुद्धवचन कोणते हे ओळखण्याची कसोटी बाबासाहेबांनी त्यात दिली आहे. जे बुद्धीला व तर्काला धरून नाही, ज्याचा मानवाच्या कल्याणाशी संबंध नाही, ते बुद्धवचन म्हणून स्वीकारण्यास आपण बांधलेले नाही. शिवाय ही केवळ जुनी कथा नव्हे. थेरवाद देशांत भिक्खुनी संघाची परंपरा शतकानुशतके खंडित होती. १९९६ साली सारनाथ येथे आणि १९९८ साली बोधगया येथे स्त्रियांना पुन्हा उपसंपदा देण्यात आली, आणि तरीही ती ग्राह्य की अग्राह्य हा वाद काही देशांत अजून मिटलेला नाही. त्या वादात दोन्ही बाजू पुस्तकेच उघडतात.

याच ग्रंथातील यशोधरेचे प्रकरण मात्र तुम्ही मोठ्याने वाचा. जुन्या कथेत सिद्धार्थ झोपलेल्या पत्नीस व बाळास टाकून मध्यरात्री निघून जातो. आपल्या आयाबाया ती कथा ऐकून डोळे पुसत आल्या. बाबासाहेबांनी ती कथा नाकारली. त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. युद्धाला विरोध केल्यामुळे सिद्धार्थाला देश सोडावा लागतो. तो यशोधरेला सर्व सांगतो, तिचे मत विचारतो, आणि ती संमती देते. मूल लहान आहे म्हणून आपल्याला बरोबर येता येत नाही, एवढीच खंत ती बोलून दाखवते. उसाच्या आणि डाळिंबाच्या पाळीपाळीच्या पाण्यावरून भावाभावांत काठ्या उगारलेल्या आपण माढा तालुक्यात पाहतो. तेव्हा पाण्याच्या तंट्यातून निघालेला बुद्ध आपल्याला समजावयास कठीण नाही. आणि ज्या घरात धर्मांतराचा निर्णय नवऱ्याने एकट्याने घेतला, बायकोला दीक्षेच्या आदल्या रात्री सांगितले, त्या घरातील पुरुषाने हे प्रकरण दोनदा वाचावे.

पण 'मूल लहान आहे' या तिच्या वाक्याशी थांबा. तिलाही घर सोडून जाण्याची इच्छा होती. पाय अडकले ते बाळात. हे वाक्य पुरुष वाचतो तेव्हा पत्नीचा त्याग दिसतो. स्त्री वाचते तेव्हा तिला काय दिसते, ते तिच्याकडूनच ऐकले पाहिजे. म्हणूनच मी म्हणते की ग्रंथ भगिनींच्या मांडीवर आला पाहिजे.

या ग्रंथाची आणखी एक गोष्ट. तो १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी लिहिलेली एक प्रस्तावना त्या आवृत्तीत छापली गेली नाही. ती बरीच वर्षांनंतर भगवान दास यांनी प्रकाशात आणली. आजारपणात आपले आयुष्य वाढविल्याबद्दल त्यांनी तीत पत्नी सविता आंबेडकर व डॉ. मालवणकर यांचे ऋण मानले आहे. सविताबाईंविषयी समाजात पुष्कळ कटुता होती. तो इतिहास मी येथे उगाळत नाही. ग्रंथ हाती घेताना त्याची प्रस्तावना, अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश आधी पाहावे, एवढेच सांगते. कोणाचे नाव आहे, कोणाचे गळले, हे तेथे कळते.

रमाईंचेच पहा. येथून पंढरपूर जवळ. आपल्या कितीतरी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून विठ्ठलाचे नाव येते. रमाईंना पंढरपूरला जाण्याची इच्छा होती, आणि जेथे आपल्याला देवळाबाहेर उभे राहावे लागते तेथे कशाला जावयाचे, आपण दुसरे पंढरपूर निर्माण करू, असे बाबासाहेबांनी तिला समजाविले, ही गोष्ट चरित्रांतून सांगितली जाते. १९३५ साली २७ मे रोजी रमाई गेल्या. विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. चरित्रकार ही गोष्ट बाबासाहेबांचे उत्तर सांगण्यासाठी सांगतात, आणि ते उत्तर थोर आहे यात शंका नाही. परंतु रमाईंना तेथे जाऊन काय मागावयाचे होते? त्यांची किती मुले गेली होती! यशवंताखेरीज एकही मूल वाचले नाही. या प्रश्नासाठी चरित्रांत फारशी जागा नाही. पंढरीची वाट सोडणे हे आपले कर्तव्य आहे. ती वाट त्या बाईला का धरावीशी वाटली, हे विचारणे हेही आपलेच काम आहे. तुमच्या घरात एखादी आजी अजून गुपचूप माळ जपत असेल, तर तिची माळ हिसकावण्याआधी हा प्रश्न तिला विचारा.

थेरीगाथेविषयी बोलावयास मला दुसरे व्याख्यान लागेल. खुद्दकनिकायातील हा ग्रंथ थेरींच्या तोंडच्या गाथांचा. त्र्याहत्तर प्रकरणे त्यात आहेत. जगातील स्त्रियांच्या अतिप्राचीन काव्यसंग्रहांत त्याची गणना होते. त्यांत कोणी राजघराण्यातील, कोणी गणिका, कोणी उखळ-मुसळ आणि नवरा यांच्यापासून सुटका झाली म्हणून आनंदित झालेली गरीब घरची बाई. सोमा नावाच्या थेरीला मार हिणवतो, की स्त्रीच्या दोन बोटांच्या बुद्धीने हे पद मिळावयाचे नाही. दोन बोटे का, तर भात शिजला की नाही हे बाई दोन बोटांनी शीत दाबून पाहते, असे अट्ठकथाकार सांगतात. अडीच हजार वर्षे झाली, चुलीपुढच्या बाईला लोक अजून तोच टोमणा मारतात, फक्त बोटांचा हिशेब सोडून. चित्त एकाग्र झाले आणि ज्ञान झाले तेथे स्त्रीपणाचा संबंध काय, असा तिच्या उत्तराचा आशय आहे.

पण आपल्याच कपाटात जातककथाही आहेत. त्यांतील 'अंडभूत जातक' वाचा. जन्मापासून पुरुष दृष्टीस पडू न देता वाढविलेली मुलगीही शेवटी नवऱ्याला फसविते, असे त्यात रंगविले आहे. 'कुणाल जातका'त तर स्त्रीनिंदेची रासच आहे. मुलांना जातककथा सांगाव्यात. त्यांत करुणेच्या, शहाणपणाच्या कितीतरी सुंदर कथा आहेत. परंतु निवडून सांगा. बौद्ध नाव लागले म्हणून प्रत्येक कथा मुलीच्या कानावर घालण्याची गरज नाही. मनूच्या वचनावर संताप आणि तेच वचन जातकात आले की मौन, हे आपल्याला शोभणारे नाही.

आता आपल्या माणसांनी लिहिलेली पुस्तके. सोलापूर जिल्ह्याने या बाबतीत मराठीला भरभरून दिले आहे. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली आले. ते धाडसी पुस्तक आहे, प्रामाणिक आहे. पण तुम्ही ते वाचाल तेव्हा मसामायकडे लक्ष ठेवा. 'अक्करमाशी' हा शब्द समाज मुलाला लावतो, आणि त्याचा सारा कलंक आईच्या देहावर टाकतो. ज्या पाटीलकीने तिचा संसार मोडला तिच्या अंगाला त्यातला एक शिंतोडा लागत नाही. लेखक हे उघड करतो, हे त्याचे मोठेपण. तरी आईविषयीचा मुलाचा राग आणि आईची स्वतःची हकिकत या दोन वस्तू आहेत. मसामायने पुस्तक लिहिले असते तर ते कसे झाले असते, असे मनाशी म्हणत ते वाचले म्हणजे अर्धे परीक्षण झाले.

असे पुस्तक लिहिणारी बाईही याच जिल्ह्याने दिली. सांगोला तालुक्यातील महूद येथे १९२३ साली जन्मलेल्या शांताबाई कांबळे १९४२ मध्ये सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. पुढे जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. १९८३ मध्ये ती 'पूर्वा' मासिकातून येऊ लागली, १९८६ मध्ये तिचे पुस्तक झाले, आणि १९९० मध्ये मुंबई दूरदर्शनवर तिच्यावरील 'नाजुका' ही मालिका दाखविण्यात आली. २०२३ च्या जानेवारीत, शंभरी अगदी जवळ आली असता, त्यांचे निधन झाले. त्या पुस्तकाच्या नावातच परीक्षणाचे पहिले काम आहे. 'माझ्या' असे त्यांनी लिहिले नाही, 'माज्या' लिहिले; 'जन्म' लिहिले नाही, 'जल्म' लिहिले. ज्या बाईने अनेक वर्षे मुलांना शुद्धलेखन शिकविले तिला 'माझ्या' लिहिता येत नव्हते काय? तिने आपल्या आईच्या तोंडची भाषा मुखपृष्ठावर आणून ठेवली. कोणी विद्वान या पुस्तकाची भाषा ओबडधोबड म्हणेल, तर त्याला हे सांगा.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांची गोष्ट याहून बोचरी आहे. त्या किराणा मालाचे लहानसे दुकान चालवीत. पुड्या बांधण्यासाठी आणलेले रद्दी कागद त्या वाचीत. तेथेच बसून त्यांनी लिहिले, आणि लिहिलेले कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. बाबासाहेबांवर इतकी निष्ठा असलेले दुसरे पुस्तक दाखविणे कठीण. आणि तरीही याच पुस्तकात महारवाड्यातील सुनांचे हाल आहेत. सासर सोडून पळालेल्या पोरीच्या पायात लाकडी खोडा अडकवीत, नाक कापीत, हे त्यांनी लिहिले. बाहेरचा गाव आपल्याला तुडवीत होता आणि आत आपण सुनेला तुडवीत होतो, हे सांगण्यास त्या कचरल्या नाहीत.

येथे नेहमीचा आक्षेप येतो. घरची धुणी वेशीवर कशाला धुवावयाची? शत्रू याचा फायदा घेईल. हा आक्षेप पोकळ नाही. ज्यांनी आयुष्यभर आपली बदनामी केली त्यांच्या हाती कोलीत देताना विचार केला पाहिजे. परंतु बेबीताईंच्या पुस्तकाने आपल्या चळवळीचे काही नुकसान झाले काय? ते आज विद्यापीठांतून शिकविले जाते, इंग्रजीत २००८ साली गेले. उलट, जे लपविले ते कुजले.

हा पेच जगात इतरत्रही आहे. अमेरिकेत मॉर्मन नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. १८३० साली जोसेफ स्मिथने तो स्थापिला आणि पुढे युटा प्रांतात तो रुजला. त्या पंथात धर्माधिकार आजही पुरुषांनाच मिळतो. तेथील स्त्रिया १८७२ ते १९१४ पर्यंत स्वतःचे एक नियतकालिक चालवीत होत्या आणि त्यात मताधिकाराचा पुरस्कार करीत होत्या. पुढे त्यांच्या नातींना त्याची आठवणही राहिली नाही. १९७० नंतर बॉस्टनकडील काही मॉर्मन बायकांना ग्रंथालयात त्याचे जुने अंक सापडले, आणि १९७४ साली त्यांनी तेच नाव पुढे चालवीत आपले पत्र काढले. पंथात राहावयाचे, श्रद्धा सोडावयाची नाही, आणि पुस्तके मात्र स्त्रीच्या डोळ्यांनी तपासावयाची, असा त्यांचा बाणा. त्यांना त्रासही झाला. समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी झगडणाऱ्या सोनिया जॉन्सन यांना १९७९ मध्ये पंथातून काढून टाकण्यात आले. त्यांच्या धर्मात ईश्वरी आदेश आहे, तो सांगणारा प्रेषित आहे, म्हणून त्यांचा मार्ग अवघड. आपल्याकडे तपासून पाहा असे सांगणारा शास्ता आहे. मग आपल्या भगिनींचा मार्ग त्यांच्याहून सोपा असावयास हवा. तो तसा आहे काय, हे तुम्ही तुमच्या विहाराच्या कार्यकारिणीत बायका किती आहेत ते मोजून ठरवा.

तर परीक्षण लिहावयाचे कसे? फार अवघड करू नका. वहीचे एक पान पुरे. पुस्तकात बाई कोठे बोलते आणि कोठे नुसती रडते, हे नोंदवा. तिला नाव आहे, की ती अमक्याची आई आणि तमक्याची बायको आहे? काम कोण करते आणि श्रेय कोणाला मिळते? पुस्तकातले काय पटले तेही लिहा, कारण नुसते दोष काढणे म्हणजे परीक्षण नव्हे. आणि पटले नाही तर आदरापोटी पटले असे लिहू नका. जिला लिहिता येत नाही तिने सांगावे आणि शाळेत जाणाऱ्या नातीने लिहून घ्यावे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून चळवळीतील स्त्रियांना बोलते केले आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. त्या बायकांपैकी अनेकींना तोवर कोणी विचारलेच नव्हते. १९४२ साली नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली हजारो स्त्रियांची परिषद भरली, हे आज आपल्याला ठाऊक आहे, ते असे कोणीतरी लिहून ठेवल्यामुळे.

आणि पुरुष बंधूंना एक काम सांगते. भगिनी वाचत असतील त्या दिवशी तुम्ही खाली बसा, मुले सांभाळा, आणि खीर वाटा.

येत्या पौर्णिमेला विहारात पुण्णिकेची गाथा वाचावयाची आहे. अनाथपिंडिकाच्या घरची ती पाणक्या दासी. कडाक्याच्या थंडीत नदीच्या पाण्यात उभा राहून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, पाण्यानेच शुद्धी होत असेल तर बेडूक आणि कासवे आधी स्वर्गात जातील की नाही? चंद्रभागेच्या काठच्या लोकांनी ही गाथा वाचावी असे मला फार दिवसांपासून वाटते आहे. वाचन येथील दोन तरुण मुली करणार आहेत. ज्यांना अर्थ निराळा वाटेल त्यांनी वही घेऊन यावे.